पॉइंट आठ

चैत्रातल्या भर दुपारी अहमदपूरच्या भाचीचा फोन आला. लातूरच्या बसस्टँडवरून बोलत होती. "मावशी, रिपोर्टात पॉइंट आठ आलंय. माझ्यात काही शिल्लकच नाही का गं?"

वय ३१, लग्नाला सात वर्षं. एएमएचचा रिपोर्ट होता. ठळक अक्षरातला आकडा आणि त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण. ती घरी पोचायच्या आत तो आकडा सासरी पोचला आणि रात्रीपर्यंत 'हिच्यातच दोष' हेही ठरून गेलं. जावयांची वीर्यतपासणी तोवर झालेलीच नव्हती.

मला राग आला तो त्या बाणाचा. अंडाशयातल्या लहान लहान बीजकोशांमधून एएमएच रक्तात उतरतं. त्यावरून साठा साधारण किती आणि इंजेक्शनांना अंडाशय कितपत साथ देईल, याचा अंदाज येतो. बीज चांगलं की वाईट, हे मात्र त्यातून कळत नाही. ते बहुतांशी वयावर ठरतं. म्हणून ३१ व्या वर्षीच्या थोड्या बीजांकडून ४१ व्या वर्षीच्या पुष्कळ बीजांपेक्षा जास्त आशा धरता येते. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास आला. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या या स्त्रियांमध्ये एएमएच कमी असूनही नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता कमी झालेली दिसली नाही. माझ्या भाचीची गोष्ट वेगळी, तिला उपचार लागणारच होते. पण 'शिल्लकच नाही' असं तो कागद म्हणत नव्हता.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं एफएसएच हे संप्रेरकही असंच फसवतं. ते नॉर्मल दिसतं, पण त्याच दिवशी इस्ट्रॅडिओल हे दुसरं संप्रेरक वाढलेलं असलं तर त्यानंच एफएसएच दाबून ठेवलेलं असू शकतं. हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन बिघडलेलं असेल, तर ते गोळ्यांनी बहुधा ताळ्यावर येतं, म्हणून ते आधी पाहावं.

भाचीचा उपचार टेस्ट ट्यूब बेबीचा, आणि त्यातल्या इंजेक्शनांची गोष्ट जुनी आहे. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती इंजेक्शनांशिवाय, पाळीत आपोआप पिकलेल्या एकाच बीजातून. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या उपचारांतूनही एक मुलगी जन्मली. त्यांनी मात्र संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन जास्त बीजं मिळवली होती आणि भ्रूण गोठवूनही ठेवला होता. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या देखरेखीखाली जन्मलेल्या मुलीची देशात पहिली म्हणून नोंद झाली. या कामात त्यांच्यासोबत असलेल्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखर्जींचे कागद वाचले आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, हे जाहीरपणे सांगितलं. मुखर्जींनी तेव्हा केलं तेच आज लातूर-नांदेडात रोज होतं.

इंजेक्शनं साधारण दहा-बारा दिवस चालतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, गरज पडली तर रक्त, आणि त्यावरून डोस कमी-जास्त. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किनवटहून येणाऱ्या बाईचा प्रत्येक खेपेला अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते ती वेगळीच. भाची इंजेक्शनं बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीनं आणायची. २ ते ८ अंशांत ठेवायची म्हणून फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी एक डबा खास त्यांचा, आणि लाइट गेली की फ्रीजचं दार कोणी उघडायचं नाही, असा तिचा दंडक. पोटावर टोचून घ्यायला तीच शिकली. पीसीओएस, म्हणजे अंडाशयात लहान बीजकोशांची गर्दी असलेल्या बाईचं दुखणं भाचीच्या उलट. एएमएच भरपूर, म्हणून इंजेक्शनांनी बीजं धो-धो वाढतात, पोटात पाणी साठतं, कधी जिवावर बेतू शकतं. जास्त आकडा म्हणजे जास्त यश, असं कोणी समजू नये.

शेवटचं इंजेक्शन मिनिटाच्या हिशेबानं. ते दिल्यावर ३४ ते ३६ तासांत बीजं काढायची असतात. उशीर झाला तर बीजकोश फुटून ती हातची जातात. भाचीला रात्री साडेदहाची वेळ दिली होती. जावई हातात मोबाइल घेऊन सेकंद मोजत बसले.

पाच बीजं निघाली, दोन चांगले भ्रूण तयार झाले. पण शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशीच प्रोजेस्टेरॉन १.९ वर गेलं होतं. ते साधारण १.५ च्या वर चढलं की गर्भाशयाचं अस्तर वेळेआधीच पुढे सरकतं आणि भ्रूण पोचेपर्यंत रुजायची घडी टळून जाते. अशा वेळी भ्रूण गोठवतात आणि पुढच्या एखाद्या पाळीत अस्तर नव्यानं तयार करून सोडतात. सासरी मात्र 'केस फेल गेली' एवढंच समजलं. फेल काही झालं नव्हतं. भ्रूण उणे १९६ अंशांत जसेच्या तसे होते.

जावयांची तपासणी अखेर झाली. शुक्राणू कमी निघाले. जिममध्ये कोणाच्या तरी सांगण्यावरून ते टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होते. बाहेरून ते मिळालं की मेंदू अंडकोषांना हुकूम पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू बनेनासे होतात. ही इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, त्याला काही महिने लागतात. वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त आणि सोपी, ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. सात वर्षांत हे त्या घरात कोणीच बोललं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सात वर्षं पाळी आली की न्हाणीघराचं दार लावून रडणारी माझी भाची यंदा पाळीची वाट पाहते आहे. भाऊबीज झाली की येईल असा हिशेब आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लातूर.