डोडो बोलू लागतो

मुलांनो, गोष्ट ऐकताना तुम्ही अगदी गप्प बसता का? बहुधा नाही. आजी गोष्ट सांगू लागली, की मध्ये मध्ये 'हं' म्हणावे लागते. हुंकार थांबला, की आजी विचारते, "झोपलास की काय रे?" आपल्या मॉरिशसमध्ये क्रिओल भाषेत कोडी घालण्याची जुनी रीत आहे. कोडे घालणारा मोठ्याने म्हणतो, "सिरांदान!" बसलेले सगळेजण मिळून उत्तर देतात, "सांपेक!" मगच कोडे सुरू होते. कोणी उत्तरच दिले नाही, तर कोडे घालणाऱ्यालाही मजा येत नाही.

म्हणजे गोष्ट काही एकट्याची नसते. एक सांगतो, दुसरा साद देतो आणि गोष्ट पुढे सरकते. आता संगणकावर आणि फोनवरही असाच एक खेळ खेळता येतो. त्यात तुम्ही एखादे पात्र ठरवायचे. ते राजा असेल, कोळी असेल, नाहीतर पक्षी असेल. तुम्ही त्याला काही विचारले, की ते पात्र तुम्हांला उत्तर देते. ते उत्तर कोणी आधी लिहून ठेवलेले नसते. ते त्याच क्षणी तयार होते. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. २०२२ साली नोव्हेंबर महिन्यात चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर हा खेळ घरोघरी पोहोचला.

यंत्राला हे कसे जमते? मी "गणपती बाप्पा" एवढेच म्हणून थांबले, तर तुम्ही पुढे काय म्हणाल? "मोरया!" तुम्हांला विचारही करावा लागला नाही. हे शब्द तुम्ही इतक्या वेळा ऐकले आहेत, की पुढचा शब्द आपोआप ओठांवर आला. यंत्राला लोकांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दाखवून शिकवलेले असते. त्यावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे, याचा ते हिशेब करते. असे एकेक पाऊल टाकत ते सबंध वाक्य लिहिते. राजासारखे बोल म्हटले, की राजांच्या गोष्टींत जसे शब्द येतात तसे शब्द ते निवडते. राजवाडा मात्र त्याने पाहिलेला नसतो.

चला, आता आपण एक गोष्ट सुरू करू. पात्र कोणते घ्यावे? मी डोडो निवडला आहे. आपल्या देशाच्या राजचिन्हावर तुम्ही तो पाहिलाच असेल.

लगेच संगणकाकडे धावू नका. आधी वही घ्या. डोडोविषयी आपल्याला काय माहीत आहे, ते लिहून काढा. डोडो फक्त मॉरिशसमध्येच होता. तो कबुतरांच्या कुळातला पक्षी, पण अंगाने मोठा आणि जड. त्याला उडता येत नसे. तो रानातली फळे खाई आणि खाल्लेले दळले जावे म्हणून दगडही गिळत असे. १५९८ साली डच खलाशांची जहाजे या बेटावर आली. त्यांनीच बेटाला मॉरिशस हे नाव दिले. एवढी माहिती सुरुवातीला पुरे.

आता शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवा. असे बरेचसे कार्यक्रम लहान मुलांनी एकट्याने वापरण्यासाठी नसतात. मग यंत्राला पहिली सूचना द्या. ती अशी असू शकेल :

"तू एक डोडो पक्षी आहेस. तू मॉरिशस बेटावर रानात राहतोस. साल १५९८ आहे. तू अजून माणूस पाहिलेला नाहीस. तुला उडता येत नाही. तू थोडा रागीट आहेस, पण मनाने चांगला आहेस. मी तुझा मित्र कासव आहे. सोप्या मराठीत दोन-तीन वाक्ये बोल आणि थांब. गोष्ट संपवू नकोस."

या सूचनेतील एकही वाक्य उगाच घातलेले नाही. साल सांगितले नाही, तर डोडो बसगाड्यांविषयी बोलू लागेल. 'थांब' म्हटले नाही, तर यंत्र पानभर लिहून एकटेच गोष्ट संपवून टाकेल आणि तुम्ही नुसते वाचत बसाल. स्वभाव सांगितला नाही, तर डोडो फारच गोडगोड बोलतो. थोडा राग, थोडा हट्ट असला, की पात्र जिवंत वाटते. शिवाय तुम्ही स्वतः कोण, हेही ठरवावे लागते. मी कासव का निवडले? कारण त्या काळी या बेटावर मोठमोठी कासवे होती. डोडोला शोभेल असा शेजारी हवा ना!

समजा, गोष्ट अशी सुरू झाली :

कासव : डोडोदादा, इतक्या सकाळी कुठे निघालास?

डोडो : रात्री खूप वारा होता. झाडाखाली फळे पडली असतील. दुसरे कोणी खाण्याआधी मला तिथे पोहोचायचे आहे!

कासव : मीही येतो. पण मी हळू चालतो.

डोडो : तुझी वाट कोण पाहणार? मी उडत पुढे जातो आणि तुझ्यासाठी एक फळ ठेवतो.

थांबा! काही चुकले का? पुन्हा वाचा. डोडो उडत कसा जाईल? आपण तर आधीच सांगितले होते, की त्याला उडता येत नाही. पण पक्ष्यांच्या गोष्टींत उडण्याचे शब्द फार वेळा येतात. त्यामुळे यंत्र त्या वाटेला गेले. अशा वेळी गोष्ट थांबवून साधे लिहावे, "डोडोला उडता येत नाही. हे वाक्य पुन्हा लिही." यंत्र चूक कबूल करते आणि वाक्य बदलते.

येथे एक गंमत सांगते, पण ती नीट लक्षात घ्या. तुम्ही बरोबर चूक दाखवली, तरी यंत्र "हो, तुमचे बरोबर आहे" असे म्हणते. आणि तुम्हीच चुकीचे काही सांगितले, तरी कधी कधी तसेच म्हणते! डोडोला चार पाय होते असे ठामपणे लिहून पाहा. गोष्टीत एखादा चार पायांचा डोडो धावू लागेलही. म्हणून खरे काय आणि खोटे काय, हे त्या पात्राला विचारून ठरत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

डोडोच्या बाबतीत कोठे जायचे? माहेबूर येथे जॉर्ज क्लार्क नावाचे एक शिक्षक होते. त्यांना डोडोची हाडे शोधण्याचा ध्यास लागला होता. त्यांनी कितीतरी वर्षे शोध केला. शेवटी १८६५ साली मार-ओ-सोंज नावाच्या दलदलीत त्यांना ती सापडली. ही जागा आपल्या आजच्या विमानतळाजवळच आहे. दलदलीच्या पाण्यात खालचे काही दिसत नव्हते. म्हणून त्यांनी मजुरांना पाण्यात उतरवून अनवाणी पायांनी चिखल चाचपायला सांगितला. पायाला काही कठीण लागले, की ते वर काढायचे. त्या हाडांवरून विद्वानांना डोडोचे शरीर कसे होते, ते समजले. पोर्ट लुईच्या संग्रहालयातही डोडोचा सांगाडा आहे. डोडोविषयी जे खात्रीने सांगता येते, ते अशा कष्टाने मिळाले आहे. गोष्टीतला डोडो जे सांगतो, त्यामागे असा चिखल तुडवलेला नसतो.

आणि डोडोचा आवाज? तो कसा होता, हे आज कोणालाही नक्की माहीत नाही. यंत्राने त्याला "गुटर्रगूं" करायला लावले, तर ती कल्पना आहे. गोष्टीत कल्पना चालते. पण ती गोष्ट वर्गात वाचून दाखवताना "हा आवाज कल्पनेतला आहे" असे सांगावे. ऐकणाऱ्याला ते कळायला हवे.

आता गोष्ट पुढे कशी न्यायची? पुष्कळ मुले नुसते "हो", "बरे", "मग?" असे लिहितात. आजीला हुंकार पुरतो, कारण आजीजवळ सबंध गोष्ट असते. यंत्राजवळ ती नसते. ते आपले कसेबसे पुढे रेटत राहते आणि चार-पाच वेळा तेच ते बोलते. म्हणून प्रत्येक पाळीला गोष्टीला काहीतरी नवे द्या. एखादा वास द्या, एखादा आवाज द्या. नाहीतर एखादे संकट द्या. "ओढ्याला पूर आला आहे आणि तुझे घरटे पलीकडे आहे," असे कासवाने सांगितले, की डोडोला काहीतरी करावेच लागेल. त्याला उडता येत नाही, हे तर आपण पक्के केले आहे. मग तो काय करील? तुम्हांलाही ते आधी माहीत नसते. या खेळातली खरी मजा हीच.

शेवट करताना मात्र जपा. यंत्राला गोड शेवट फार आवडतो, असे दिसते. खलाशी आले, डोडोने त्यांचे स्वागत केले आणि सगळे आनंदाने राहू लागले, असे ते लिहून मोकळे होईल. खरोखर तसे झाले नाही. खलाशांनी डोडोची शिकार केली. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली. डोडोचे घरटे जमिनीवर असे. अंडी खाणाऱ्यांना ती सहज मिळाली. १६६२ साली डोडो पाहिल्याची जी नोंद आहे, ती शेवटची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डच येऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. तुमच्या गोष्टीचा शेवट कसा करायचा, ते तुम्ही ठरवा. गोड करायचा असेल, तर जरूर करा. पण खरे काय घडले, हे माहीत असून तो करा. यंत्राने लिहिला म्हणून करू नका.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फार पूर्वी, १९६६ साली, अमेरिकेत जोसेफ वायझेनबाऊम या शास्त्रज्ञांनी 'एलायझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम जगापुढे मांडला. तो फार साधा होता. तुम्ही जे बोलाल, त्यालाच उलटून तो प्रश्न विचारी. "मला वाईट वाटते," असे लिहिले, की "तुम्हांला वाईट का वाटते?" असे काहीसे उत्तर येई. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करून बोलू लागले. वायझेनबाऊम यांच्या कचेरीतील एका बाईंना तो कार्यक्रम कसा तयार होत आहे, हे ठाऊक होते. तरीसुद्धा त्याच्याशी बोलताना त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले!

आजची पात्रे एलायझापेक्षा कितीतरी चांगले बोलतात. "तू आलास, मला फार आनंद झाला," असे डोडो म्हणेल. पण पडद्यामागे वाट पाहत बसलेले कोणी नसते. म्हणून त्याला आपले पूर्ण नाव, घरचा पत्ता, शाळेचे नाव, फोटो काहीही देऊ नका. गोष्टीसाठी 'कासव' एवढे नाव पुरते. पात्र भीती वाटेल असे काही बोलले किंवा "हे घरी सांगू नकोस" असे म्हणाले, तर तेथेच खेळ बंद करा आणि घरी सांगा. मनात खरोखर दुःख असेल, तर ते आईला, बाबांना, आजीला किंवा बाईंना सांगावे. ते डोडोचे काम नाही.

यंत्राच्या मराठीवरही लक्ष ठेवा. इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर त्याने पुष्कळ पाहिला आहे. मराठी त्या मानाने थोडे. त्यामुळे ते कधी "मी डोडो रानात गेली" असेही लिहून जाते. अशी वाक्ये वहीत उतरवण्यापूर्वी सुधारा. चूक यंत्राची असली, तरी वही तुमची आहे.

डोडो झाल्यावर पुष्कळ मुलांना घरच्या माणसांचे पात्र करावेसे वाटते. कोकणातून जहाजाने आलेले आणि पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरलेले पणजोबा बोलू लागले, तर कोणाला आवडणार नाही? पण त्यांचे गाव कोणते होते, त्यांनी बरोबर काय आणले होते, ते कोणती गाणी म्हणत, हे यंत्राला ठाऊक नाही. विचारले, तर ते काहीतरी जुळवून सांगेल आणि ते ऐकायला खरेही वाटेल. एकदा का ते मनात बसले, की पुढे खरे कोणते आणि जुळवलेले कोणते, हे सांगणे अवघड. तेव्हा आधी आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यांना आठवते ते लिहून घ्या. आजीलाही आठवत नसेल, तर ती जागा वहीत रिकामी ठेवा. पणजोबांचे संभाषण नंतर लिहू.

तूर्त आपला डोडो ओढा ओलांडून किनाऱ्यावर येऊन उभा राहिला आहे. कासव मागून हळूहळू येत आहे. साल १५९८. डोडो मान उंच करून समुद्राकडे पाहतो आणि विचारतो, "कासवदादा, ते पाण्यावर पांढरे पांढरे काय दिसते आहे रे?"

कासवाने काय उत्तर दिले, ते वहीत पाच ओळींत लिहा. संगणक नंतर सुरू करा.