टी-शर्टचा रंग का जातो?

मुलांनो, दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ईदसाठी एक लालभडक टी-शर्ट आणला. एकदा घालून झाल्यावर त्याने तो धुण्याच्या बादलीत टाकला. त्याच बादलीत अम्मीची पांढरी ओढणी भिजत होती. तासाभराने पाहतो तो काय, ओढणी गुलाबी झालेली! अम्मीने दुकानदाराला दोष दिला. मी भावाला रागावलो. आम्हां दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. कसे ते पाहा.

कापडाचा रंग भिंतीच्या रंगासारखा वरवर बसत नाही. कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा बनलेला असतो. तो पाणी चटकन शोषून घेतो आणि पाण्याबरोबर रंगही आत शिरतो. पण आत शिरलेला रंग तेथे टिकला पाहिजे. काही स्वस्त रंग तंतूला नुसते चिकटून राहतात. धुताना त्यांची पकड सुटते. १९५६ साली इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीने 'प्रोसिऑन' नावाचे नवे रंग बाजारात आणले. हे रंग कापसाशी रासायनिक बंधाने जोडले जातात. आजचे भडक सुती टी-शर्ट बहुधा अशाच प्रकारच्या रंगांनी रंगवतात. रंगाच्या पाण्यात मीठ घातले, की रंग तंतूकडे ओढला जातो. मग सोडा घातला, की बंध जुळतो.

तरीही रंग का जातो? कारण सगळाच रंग कापसाला मिळत नाही. थोडा रंग पाण्याशीच जोडला जातो आणि त्याची कापसाला धरण्याची शक्ती संपते. तो कापडात नुसता अडकून राहतो. कारखान्यात कापड गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन हा सुटा रंग काढावा लागतो. तेथे घाई झाली, की तो आपल्या बादलीत उतरतो. गडद कापडात तो जास्त असतो.

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला, की रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगतात. माझी नानीही सांगत असे. पण ज्या रंगाची शक्तीच संपली, त्याला मीठ ती परत कशी देणार? त्याला जाऊ द्यावे, हेच बरे. म्हणून नवा टी-शर्ट पहिले तीन-चार वेळा एकटाच, थंड पाण्यात धुवा. पाणी स्वच्छ दिसू लागले, की मग इतर रंगीत कपड्यांत मिसळा. शंका असेल, तर ओला पांढरा रुमाल शिवणीवर आतल्या बाजूने घासून पाहा. रुमाल रंगला, तर अजून थांबा.

पक्का रंगही उन्हात विटतो. टी-शर्ट उलटा करून सावलीत वाळत घाला. ब्लीचिंग पावडर तर त्याच्या जवळही नेऊ नका.

आता विणीविषयी. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड तयार होते. टी-शर्टचे कापड तसे नसते. त्यात धाग्याचे फास एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणून ते ताणले जाते. तमिळनाडूतील तिरुप्पूर शहर अशा कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ओला टी-शर्ट खांद्यांना चिमटे लावून टांगला, तर पाण्याच्या वजनाने तो लांबतो. तो दोरीवर मधोमध दुमडून टाका.

एखाद्या कपड्याला दुसऱ्याचा रंग लागलाच, तर तो वाळू देऊ नका. लगेच साबणाच्या पाण्यात पुन्हा धुवा. एकदा वाळून इस्त्री फिरली, की डाग निघणे कठीण. आम्हांला तेव्हा हे माहीत नव्हते. ओढणी दोरीवर कडकडीत वाळली. शेवटी अम्मीने ती रंगाऱ्याकडे देऊन सगळीच गडद गुलाबी करून घेतली. आता ती ओढणीसुद्धा आम्ही वेगळ्या बादलीत धुतो.