तापाच्या खुणा

घरातील माणसाचे अंग तापले म्हणजे प्रथम हात जातो तो त्याच्या कपाळाकडे, आणि मग शोध सुरू होतो तो तापमापकाचा. आकडा ९९ दिसला की जीव भांड्यात पडतो. १०३ दिसला की सारे घर जागे राहते. ही काळजी स्वाभाविक आहे. परंतु संसर्गजन्य रोगांचा अनुभव असा की, आकडा आणि धोका हे नेहमी बरोबरीने चढत किंवा उतरत नाहीत. १०३ अंश ताप असलेले मूल खेळण्यासाठी हात पुढे करीत असेल आणि ९९ अंशांवर निजलेले आजोबा असंबद्ध बोलत असतील, तर त्या दोघांत अधिक आजारी कोण, हे ओळखता येणे ही शुश्रूषेची पहिली पायरी होय.

ताप हा स्वतः रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे. लाइपझिग येथील वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदी अभ्यासून १८६८ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने ही गोष्ट वैद्यकात दृढ केली. शरीरात शिरलेल्या जंतूंशी झुंज देताना शरीर स्वतःच आपली उष्णता वाढविते. साधारणपणे १०० पूर्णांक ४ दशांश अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, आणि त्यावरील उष्णतेला ताप मानतात. मात्र ती झुंज कोणाशी चालली आहे, आणि तीत शरीर जिंकते आहे की हरते आहे, हे तो आकडा एकट्याने सांगू शकत नाही.

तापाच्या चालीवरून पूर्वीचे वैद्य रोगाचा अंदाज बांधीत. आधी हुडहुडी, मग अंगाची लाही, मग दरदरून घाम आणि एक दिवस सोडून पुन्हा तोच क्रम, ही हिवतापाची परिचित चाल. या रोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे पाहिले. उलट, मुदतीचा ताप दिवसागणिक पायरीपायरीने चढतो. जिभेवर पांढरट थर जमतो आणि अन्नावरची वासना जाते. परंतु दोन्ही रोग नेहमी असे शिस्तीने वागत नाहीत. मध्येच घेतलेल्या गोळ्यांनी तर त्यांची चाल पारच पुसट होते. म्हणून चालीवरून संशय घ्यावा आणि निर्णय रक्ताच्या तपासणीवर सोडावा. हिवतापाच्या रोग्याची शुद्ध हरपू लागली, किंवा मुदतीच्या तापात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट अचानक तीव्रतेने दुखून ताठर झाले, तर क्षणाचाही विलंब परवडत नाही.

डेंग्यूची तऱ्हा याहून फसवी आहे. तीव्र ताप, डोळ्यांच्या खोबणीमागे ठणका आणि हाडे मोडल्यासारखी वेदना घेऊन तो येतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि घर सुटकेचा श्वास टाकते. नेमका तोच काळ काही रोग्यांच्या बाबतीत सर्वांत कठीण असतो. त्या पुढच्या एकदोन दिवसांत रक्तातील द्रव भाग केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब खचतो. पोटात सतत दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौचास, हातपाय गार पडणे, विलक्षण अस्वस्थता किंवा सुस्ती, या त्याच्या धोक्याच्या खुणा. अशा वेळी ताप गेला म्हणून रोग्याला घरी ठेवणे म्हणजे वादळाच्या मध्यावरील शांततेला वादळाचा शेवट समजणे होय. डेंग्यूचा संशय असता अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. त्यामुळे रक्तस्राव वाढण्याचे भय असते.

लहान मुलांच्या बाबतीत तापापेक्षा श्वास अधिक खरे सांगतो. मूल शांत असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर खोकल्याबरोबर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा झटके आले असतील, तर तडक रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला आलेला कोणताही ताप, त्याचप्रमाणे त्याचे अंग अकारण गार पडणे, हे दोन्ही तातडीचेच समजावे.

जुलाबांत माणूस दगावतो तो बहुधा जंतूंपेक्षा शोषाने. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे शेकडा ४ च्या खाली आले. हीच पुढे घरोघरी पोहोचलेली जलसंजीवनी. खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, चिमटीत धरून सोडली तरी सावकाश परतणारी त्वचा, तान्ह्या बाळाची खोल गेलेली टाळू आणि घटलेली लघवी या शोषाच्या खुणा होत. रोगी पाणी पिण्याइतकाही सावध नसेल, तर घरचा उपाय संपला असे समजावे.

काही खुणा स्थळकाळाशी निगडित असतात. पुराच्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे दिसले, तर लेप्टोस्पायरोसिस आठवावा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली. झुडपांत किंवा गवतात वावरणाऱ्याच्या अंगावर तापाबरोबर काळी खपली धरलेला लहान व्रण दिसला, तर स्क्रब टायफसची शंका घ्यावी. आणि तापाबरोबर मान ताठरली, उजेड सोसेना, डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूच्या आवरणाचा दाह संभवतो. तेथे तास मोजावे लागतात, दिवस नव्हे.

जंतू कोणताही असो, शरीर हरू लागले म्हणजे त्याच्या खुणा पुष्कळशा सारख्याच असतात. श्वास जलद होतो, भान ढळते, लघवी कमी होते, हातपाय गार आणि डागाळलेले दिसतात. वृद्धांत आणि मधुमेही रोग्यांत ताप अल्प किंवा मुळीच नसूनही हे घडू शकते. कालपर्यंत व्यवस्थित बोलणारी आजी आज घरच्यांना ओळखेनाशी झाली, तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये.

उरलेली प्रतिजैविके आपल्या मनाने देण्याचा मोह मात्र आवरावा. पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्याऐवजी उशाशी एक वही ठेवावी आणि तीत ताप, श्वास, पिणे, लघवी आणि दिलेले औषध वेळेसह लिहावे. डॉक्टर रोग्याला काही मिनिटे पाहतो. उशाशी बसणारा त्याला रात्रभर पाहत असतो. त्या रात्रभराच्या पाहण्याला अशा नोंदींची जोड मिळाली, तर निदानाचे निम्मे काम घरातच झालेले असते.