घर बांधताना – भाग ४ : माळवद गेलं, स्लॅब आला

मागच्या भागात भिंती झाल्या, आता छप्पर. बैठ्या घरात उन्हाळ्याचा ताप मुख्यतः वरूनच उतरतो. एकेका भिंतीवर ऊन काही तासच पडतं, छतावर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं.

आपल्या भागात छपरं पावसाने ठरवली. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर माण, आटपाडी, जतला पाचशेच्या मागेपुढे. म्हणून पाटण-जावळीत उताराची, लांब वळचणीची घरं आणि माणदेशात माळवदं. आज दोन्हीकडे तोच सपाट स्लॅब दिसतो.

माळवदाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. तुळयांवर सर, सरांवर किलचं, त्यावर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर गावच्या पांढरीची चोपून बसवलेली माती. मधे उजेड-वाऱ्यासाठी साणं. मातीची जाडी फूट-दीड फूट. एवढा थर ओलांडायला उष्णतेला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचं ऊन खोलीत पोचतं ते मध्यरात्रीनंतर, बाहेरची हवा गार झाल्यावर. पाच इंची स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत खाली येते. संध्याकाळी माणसं कामावरून घरी येतात, नेमकं तेव्हाच छत तापलेलं असतं, आणि पंखा रात्रभर तीच गरम हवा फिरवत राहतो.

तरी पुन्हा माळवद घाला, असं मी सांगणार नाही. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच ओझं, दगड-मातीच्या भिंतींसकट, झोपलेल्या माणसांवर आलं. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ला कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुक्यातली घरं पाडली होती. या पट्ट्यात छप्पर हलकंच हवं. तेव्हा माळवदाचा गुण घ्यायचा आणि वजन टाळायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर आकड्यांत आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’नुसार, आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. उघड्या स्लॅबमधून साधारण ३.४ वॅट जाते. चार इंची वीटबंदी कोबा केला तर ती २.४च्या आसपास येते. कोबा पाणी अडवायला चांगला, पण उन्हाला पुरा पडत नाही. दोन इंची एक्सपीएस फोमचा बोर्ड स्लॅबवर घालून त्यावर कोबा किंवा फरशी केली, तर आकडा ०.६च्या खाली उतरतो, आणि बोर्डाचं वजन मोजण्यासारखंही नसतं. हा बोर्ड स्लॅबच्या वरच घाला. खाली सिलिंगमध्ये घातला तर स्लॅब दिवसभर तापतच राहतो.

घर आधीच बांधून झालं असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये छताला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. काळवंडलेलं काँक्रीट बहुतेक ऊन शोषून घेतं, ताजा चुना त्यातलं बरंचसं परत पाठवतो. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी किती कमी घरांवर दिसतो!

डोंगरभागात लोकांनी स्वतःच एक वाट काढली आहे. स्लॅब गळायला लागला की वर पत्र्याचं शेड उभं राहतं. गळतीसाठी केलेली ही सोय उन्हालाही अडवते, कारण स्लॅबवर सावली पडते आणि मधून वारा खेळतो. मात्र शेडच्या दोन समोरासमोरच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. त्या बंद करून अडगळ भरली की कोंडलेली गरम हवा स्लॅबवर बसून राहते. पत्रा फिक्या रंगाचा घ्या आणि वादळवाऱ्यात उडणार नाही असा घट्ट बांधा.

आता सौरऊर्जा. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभरएक घरांच्या या गावाने जे केलं, त्याचा अभिमान वाटतो. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि एवढी पॅनेलं दिवसाला सरासरी बारा युनिट वीज देतात. पण उघड्या स्लॅबखालच्या खोलीत दीड टनी एसी रात्रभर चालवला, तर त्यातली बहुतेक वीज तोच खातो. छत आधी थंड केलं तर ती वीज गिरणीला, शेगडीला, मोटारीला उरते. म्हणून माझं ठाम मत आहे : पॅनेलांना जसं अनुदान आहे, तसं छताच्या उष्णतारोधक थरालाही मिळायला हवं. निदान घरकुलाच्या अंदाजपत्रकात तरी त्याची ओळ असावी.

गवंड्याशी बोलताना उष्णतारोधक थराचं काम कोब्याच्या आधी ठरवा. पॅनेलांचे पायही कोब्याआधीच बसवून घ्या. नंतर छिद्रं पाडली की गळती तिथूनच सुरू होते.

पुढच्या भागात जोतं : २०१९च्या महापुरानंतर सांगलीत ते किती उंच घ्यावं आणि कशाचं असावं.