उतरणीवर तापणारा वारा

२२ जानेवारी १९४३. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातलं स्पिअरफिश गाव. सकाळी साडेसातला पारा उणे २० अंश सेल्सिअसवर होता. दोन मिनिटांत तो ७ अंशांवर गेला. नऊच्या सुमारास १२ अंश झाले आणि त्यानंतर २७ मिनिटांत पुन्हा उणे २०! घरांच्या काचा तडकल्या. हा सगळा चिनूक वाऱ्याचा प्रताप.

भर थंडीत एवढी ऊब आली कुठून? कुठल्याशा उष्ण मुलुखातून वाऱ्यानं ती आणली असेल, असं वाटतं. पण चिनूक वाटेतच तापतो. पॅसिफिकवरून आलेली दमट हवा रॉकी पर्वत चढते तेव्हा तिच्यातल्या बाष्पाचं पाऊस-बर्फ होतं. त्यात उष्णता बाहेर पडते, म्हणून ही हवा किलोमीटरमागे सहाएक अंशच थंड होते. पलीकडे ती कोरडी होऊन उतरते. खाली हवेचा दाब वाढत जातो, तशी ती दाबली जाते आणि किलोमीटरमागे दहा अंशांनी तापते. चढताना खर्च झालेलं उतरताना व्याजासकट वसूल! पायथ्याशी साचलेली गार हवा या वाऱ्यानं हटवली, की पारा उडी मारतो.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या सांता आना वाऱ्याला सर्रास ‘वाळवंटाची झळ’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्याचा मोसम शरदापासून हिवाळ्यापर्यंतचा, आणि तेव्हा नेवाडा-युटाचं पठार चांगलंच गारठलेलं असतं. तिथली जड, थंड हवा काहोनसारख्या खिंडींतून समुद्राकडे घसरते. बाराशे मीटर उतरली तरी बारा अंश कमावते. बाष्प मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता कधी कधी दहा टक्क्यांखाली जाते. खिंडीत कोंडल्यामुळे वेग वाढतो, तो वेगळाच.

७ जानेवारी २०२५ला लॉस एंजेलिसमध्ये हेच वारे सुटले. एरवी हिवाळ्यात पडणारा पाऊस तेव्हा जवळपास झालाच नव्हता. डोंगरातली झुडपं वाळून कोळ झाली होती. सकाळी पॅलिसेड्स, संध्याकाळी अल्टाडीनाजवळ आग लागली. रात्री वाऱ्यामुळे आग विझवणारी विमानं-हेलिकॉप्टरं जमिनीवरच ठेवावी लागली. या दोन आगींत १६ हजारांहून अधिक बांधकामं नष्ट झाली. वारा आग लावत नाही, हे खरं. पण ठिणग्या तो कुठच्या कुठे नेतो. तुटलेल्या तारांनी आगी लागू नयेत म्हणून अशा वाऱ्याचा अंदाज आला, की तिथल्या वीज कंपन्या काही भागांची वीज आधीच तोडतात. लोक वैतागतात, पण त्याला इलाज नाही.

मुंबईकरांनाही उन्हाळ्याच्या तोंडाशी असा वारा भेटतो. पूर्वेचे वारे घाट उतरून येतात, त्यांचा जोर असला की खारे वारे दुपारी उशिरापर्यंत किनाऱ्याबाहेरच अडून राहतात. तोवर शहर तापतं. सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले ते २८ मार्च १९५६ला, मे महिन्यात नव्हे.