चिकित्सेचा पांचवा पाद

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद मानिले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. हे चारहि गुणसंपन्न असले म्हणजे व्याधि हटते, असा त्यांचा सिद्धान्त. आजच्या काळीं त्यांस पांचवा पाद येऊन मिळाला आहे. तो म्हणजे पैसा देणारा. हा पैसा नेमका कोणाच्या गांठीचा, हें घरांतील कर्त्या पुरुषासहि बहुधा ठाऊक नसतें. सरकारी दवाखाना गरिबांचा आणि खासगी आपला, अशी जी सोपी वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे, ती वस्तुस्थितीशीं जुळत नाहीं.

आमच्या नायगांवाचेंच उदाहरण घेऊं. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें पन्नास किलोमीटरांवर हें तालुक्याचें गांव आहे. येथील रोग्यापुढें सरकारी पायऱ्या आहेत त्या मूळ भोर समितीच्या कल्पनेंतल्या. ही समिति १९४३ सालीं नेमली गेली व १९४६ सालीं तिचा अहवाल आला. सरकारी प्रमाण असें कीं, सपाट प्रदेशांत ५,००० वस्तीस एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें. हीं दोन्हीं जिल्हा परिषदेच्या ताब्यांत. त्यांवरचें ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचें. आणि शेवटची पायरी विष्णुपुरीस, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, तें वैद्यकीय शिक्षण खात्याचें. एका जिन्याच्या पायऱ्या तीन धन्यांच्या! १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, ते आरोग्य खात्याच्या संस्थांत. वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें त्या निर्णयांत नव्हतीं. खालच्या पायरीवर एक नियम आणि वरच्या पायरीवर दुसरा, हें खेडुतास कोणी व कसें समजावून सांगावें?

खासगी बाजूस अशी रचनाच नाहीं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरापासून नांदेडच्या डॉक्टर लेनपर्यंत आणि तेथून हैदराबादेपर्यंत वाट जाते. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ती शेवटची वाट आमच्या पायांखालची आहे. या दोहोंच्या मध्यें धर्मादाय संस्था येतात. लातूरचें १९६६ सालीं सुरू झालेलें विवेकानंद रुग्णालय हें या भागांतील त्याचें चांगलें उदाहरण होय. धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा १० खाटा निर्धनांस विनामूल्य आणि आणखी १० दुर्बल घटकांस सवलतीच्या दरानें द्याव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं घालून दिली. मोठ्या शहरांत आप्त दवाखान्यांत असेल, तर ही चौकशी करण्यास लाजूं नये.

आतां पांचव्या पादाकडे वळूं. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. (पहिल्या पंक्तीचा मान मराठवाड्यास क्वचितच मिळतो, म्हणून मुद्दाम नोंदवितों.) तेव्हां कुटुंबास वर्षाकांठीं दीड लाखापर्यंत उपचार मिळत. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या योजनेशीं तिची सांगड घातली गेली. आणि १ जुलै २०२४ पासून ५ लाखांपर्यंतचें संरक्षण पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसहि लागू झालें. म्हणजे तें आतां या मासिकाच्या बहुतेक वाचकांचेंहि आहे!

कार्यपद्धति अशी. योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. तो कागद पाहून नोंद करितो. रुग्णालय ठराविक दराच्या उपचारास पूर्वसंमति मागतें. ती आली कीं खर्च योजनेंतून दिला जातो आणि रोग्यानें कांहीं द्यावयाचें नसतें. सरकारी रुग्णालयेंहि यांत सामील असून तींहि याच थैलींतून पैसा घेतात. खासगी इमारत, सरकारी पैसा. सरकारी इमारत, योजनेचा पैसा. अशी ही सरमिसळ आहे.

माझ्या मतें हिचे दोन दोष आहेत. दर ठराविक असल्यामुळें ज्या उपचारांत कांहीं उरतें ते खासगी मंडळी हौसेनें घेतात, आणि ज्यांत उरत नाहीं ते रोगी विष्णुपुरीस धाडतात. एका शेजाऱ्यास तर दाखल करून घेतांना अनामत मागण्यांत आली, योजनेचा उल्लेख होतांच खाट नाहीं असें उत्तर मिळालें. रुग्णालयाचें नांव येथें सांगत नाहीं. दुसरा दोष मोठा : ही थैली दाखल झालेल्या रोग्यापुरतीच उघडते. मधुमेह, रक्तदाब यांच्या रोजच्या गोळ्या, म्हणजे जो खर्च महिन्यामागून महिना घर पोखरतो, तो तिच्या बाहेर आहे. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतात, पण तेथें जाणें आपणांस कमीपणाचें वाटतें.

सर्व भार शेवटच्या पायरीवर पडला म्हणजे काय होतें, तें ऑक्टोबर २०२३ मध्यें दिसलें. विष्णुपुरीस चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांपैकीं १२ नवजात अर्भकें होतीं. खासगीकडून रोगी अगदीं अखेरच्या अवस्थेंत आले असें रुग्णालयाचें म्हणणें पडलें. औषधें व माणसें अपुरीं होतीं असें टीकाकारांचें. उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली. दोन्हीं म्हणणीं एकाच वेळीं खरीं असूं शकतात, इतकेंच मी म्हणेन.

एकत्र कुटुंबांत एक गोष्ट हटकून राहून जाते. योजनेस कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरील नांवें. घरांत सून येऊन पांच वर्षें झालीं तरी तिचें नांव माहेरच्या पत्रिकेवर राहतें. कित्येकदां तेथून कमी होतें आणि इकडे चढत नाहीं. प्रसूतींत कांहीं विपरीत घडून तिला रात्रीं नांदेडास न्यावें लागलें, तर आरोग्यमित्रापुढें ती कोणत्याच घरची नसते. माहेरच्या गांवाहून नांव कमी केल्याचा दाखला आणावा, तो विवाहाच्या पुराव्यासह तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेंत द्यावा, आणि नवी पत्रिका हातीं येतांच तिचें नांव व आधारपत्रावरील नांव अक्षरशः जुळतें कीं नाहीं तें तेथेंच उभे राहून वाचून पाहावें.