डाळ शिजते, म्हणून पाणी चांगले?

रायपूरच्या सदर बाजारात नळाने येणारे खारून नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून गेलेले असते. परंतु शहराखालचा आणि भोवतालच्या मैदानाखालचा खडक मुख्यत्वे चुनखडीचा असल्यामुळे तेथील कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विपुल उतरतात. अशा पाण्याला दुष्फेन, म्हणजे साबणाला सहज फेस येऊ न देणारे पाणी म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यावर पांढरा थर बसतो, म्हणून घरोघरी त्याविषयी तक्रार असते. वास्तविक हा दोष प्रकृतीला फारसा बाधत नाही. लोह जास्त असलेले पाणीही तांबूस रंगाने आणि चवीने स्वतःची चहाडी करते. जीभ, साबण आणि डाळ या घरगुती परीक्षकांची मजल बहुधा येथेच संपते.

अंबागड चौकी तालुक्यातील कौडीकसा येथे ही घरगुती परीक्षा अपुरी ठरली. गडचिरोलीला लागून असलेला हा भाग पूर्वी राजनांदगाव जिल्ह्यात होता आणि २०२२ पासून मोहला-मानपूर-अंबागड चौकी या नव्या जिल्ह्यात आहे. छत्तीसगड राज्य जन्माला येण्यापूर्वीच, १९९९ मध्ये, तेथील भूजलात आर्सेनिक असल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर त्वचेवर डाग आणि तळहात-तळपायांवर कठीण गाठी दिसू लागतात, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. बंगालमध्ये ते नद्यांच्या गाळातून पाण्यात येते, तर येथे डोंगरगड परिसरातील प्राचीन ज्वालामुखीय खडकांशी त्याचा संबंध जोडला जातो. खडकाची घडण आणि भेगा जागोजागी बदलत असल्याने एका हातपंपाचे पाणी सदोष असताना शेजारच्या विहिरीचे पिण्याजोगे असू शकते. गावाची सरासरी काढणे अशा वेळी निरर्थक, किंबहुना घातकच ठरते.

फ्लोराइडची गोष्ट थोडी निराळी आहे. ग्रॅनाइटी खडकातून ते पाण्यात येते, पण कॅल्शियम भरपूर असेल तर त्याच्याशी संयोग पावून बरेचसे साक्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे ज्या दुष्फेन पाण्याला नावे ठेवली जातात, ते या बाबतीत बहुधा उपकारकच असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत सूट आहे; आर्सेनिकची स्वीकार्य मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ असून ते खडकातून नव्हे, तर उकिरडा, शोषखड्डा आणि खतांतून मुख्यतः उथळ विहिरींत झिरपते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र जागेवरच राहतात आणि वाफ गेल्यावर त्यांचे प्रमाण उलट वाढते. घरी तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, एवढेच. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढतात खरे, पण तेथे मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. प्रचलित संचात फ्लोराइड आणि नायट्रेट कळतात, आर्सेनिकसाठी मात्र वेगळा संच किंवा प्रयोगशाळा लागते, आणि निष्कर्ष गावाच्या नावाने नव्हे, तर हातपंपागणिक नोंदवावा लागतो.